दुखणं थांबलं म्हणजे कामाला तयार, असं नाही
वर एकांनी लिहिलंय की दुखणं थांबलं की फिजिओथेरपी संपली, मग विमा कंपनीने पुढचे पैसे का भरायचे? मला हे अजिबात पटत नाही. खांदा निरोगी असला तर हात साधारण 180 अंशांपर्यंत वर जातो. वरच्या फळीवर खोकी रचणाऱ्याचा हात 120 लाच अडकत असेल, तर घरी दुखत नसलं तरी कामावर तो पुन्हा जायबंदी होण्याची भीती असतेच. म्हणून थेरपिस्टला पहिल्याच दिवशी आपलं काम नीट सांगा: किती वजन, किती उंच, किती वेळ उभं. अहवालात नुसतं ‘सुधारणा आहे’ नको, हालचालीचे अंश आणि पकडीची ताकद मोजून लिहून घ्या. दावा त्यावरच टिकतो. मालकाकडे सुरुवातीला हलकं काम जरूर मागा. नुसतं पडून राहिल्याने स्नायू आणखी अशक्त होतात.