आखूड स्प्रिंगा बसवल्यावर येणारा आवाज आणि घासणारे पोट

प्रश्न: मी साकीनाक्याला राहतो. गाडीला ४० मिमी खाली बसवणाऱ्या आखूड स्प्रिंगा लावल्यापासून खड्ड्यातून हळू जाताना पुढच्या डाव्या चाकाकडून ‘टक् टक्’ आवाज येतो आणि सोसायटीच्या गतिरोधकावर पोट घासते. गॅरेजमध्ये शॉकअप बदलायला सांगतात. आधी काय तपासावे?

उत्तर १: शॉकअपची घाई करू नये. गाडी जमिनीवर उभी असताना स्टॅबिलायझर लिंक (वळणावर गाडीचा कल रोखणारी आडवी दांडी सस्पेन्शनला जोडणारा छोटा दांडा) हाताने जोरात हलवून पाहा. तिच्या टोकाचा बॉल जॉइंट (गोल सांधा) ढिला असल्यास कमी वेगात नेमका असाच आवाज येतो. नंतर जॅकवर चाक लोंबकळत असताना स्प्रिंग हाताने फिरते का ते बघा. फिरत असेल, तर खड्ड्यात चाक खाली गेल्यावर ती बैठकीवरून सुटून पुन्हा आपटत असणार, आणि अशी गाडी चालवणे मला धोक्याचे वाटते.

उत्तर २: आवाजासाठी हेही तपासा: चाकाला गाडीशी जोडणाऱ्या आर्मच्या बुशांचे (सांध्यातल्या रबरी तुकड्यांचे) बोल्ट गाडी लिफ्टवर असताना आवळले असतील, तर रबर कायम पिळलेले राहते. ते ढिले करून, चाकांवर वजन असताना पुन्हा आवळून घ्या. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मानकानुसार गतिरोधक १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असायचा. सोसायट्यांमधले बरेचदा अरुंद आणि उभे असतात, त्यामुळे तिथे गाडी तिरकी न्यावी.

प्रश्नकर्ता: लिंकच ढिली निघाली. स्प्रिंग मात्र फिरत नाही. आभारी आहे.