खासदारांनी शून्य प्रहरात कांद्याचा विषय काढला, आता पुढं काय होतं?

निफाडचा_शेतकरी

नमस्कार मंडळी, परवा आमच्या गावच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला, आमचे खासदार लोकसभेत कांद्यावर बोलले, जेमतेम दीड-दोन मिनिटं, निर्यातीचं धोरण सारखं बदलतं, शेतकऱ्याला भाव मिळत नाही वगैरे, आणि बोलणं संपतंय न संपतंय तोच पुढच्या सदस्याचं नाव पुकारलं गेलं. मंत्री काहीच बोलले नाहीत. वडिलांनी तो व्हिडिओ तीनदा बघितला आणि म्हणाले, बोलला चांगला, पण आता याचं पुढं कोण बघणार? मला काही सांगता येईना.

डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली तेव्हा आमचा लाल कांदा काढून शेतात पडलेला. हा काही उन्हाळ कांदा नाही कांदाचाळीत भरून ठेवायला, थोडे दिवस झाले की कोंब फुटतात नाहीतर सडायला लागतो, म्हणून मिळेल त्या भावात ट्रॅक्टर खाली केला. बंदी उठली मे २०२४ मध्ये, तोवर लाल कांद्याचा हंगाम कधीच संपला होता. म्हणून मनापासून विचारतोय, खासदार असं बोलले की ते कुठं जातं? कोणाला उत्तर द्यावं लागतं का?

दिल्लीकर_मराठी

दादा, मी दोन वर्षं एका खासदारांच्या ऑफिसात प्रश्न तयार करायचं काम केलंय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही बघितला तो शून्य प्रहर. नियमावलीत तो कुठंच नाही, १९६० च्या दशकापासून पडलेला पायंडा आहे. लोकसभेत १२ वाजता प्रश्नोत्तराचा तास संपला की सुरू होतो. मंत्र्यांनी तिथल्या तिथं उत्तर दिलंच पाहिजे असं बंधन नाही, म्हणून तुम्हाला शांतता दिसली. पण जे बोललं ते कामकाजात नोंदलं जातं, संसदेच्या साइटवर तारखेनं शोधलं की सापडतं, त्याची प्रिंट काढून ठेवा.

दुसरा रस्ता लोकसभेच्या नियम ३७७ चा. त्यात खासदार साधारण २५० शब्दांत विषय लेखी देतात आणि नंतर मंत्रालयाकडून त्यांना लेखी उत्तर येतं. ते पत्र खासदारांच्या ऑफिसात फायलीला लागतं आणि बहुतेक वेळा तिथंच राहतं, कारण मतदारसंघातून कोणी मागायलाच येत नाही! याचं मला तेव्हाही वाईट वाटायचं.

आणि सगळ्यात जोरदार म्हणजे तारांकित प्रश्न. लोकसभेत दिवसाला २० च असतात, सोडतीत नंबर लागावा लागतो, नोटीस किमान १५ दिवस आधी. पण नंबर लागला आणि प्रश्न पुकारला गेला तर मंत्री समोर उभे राहतात आणि खासदार उपप्रश्न विचारू शकतात. अतारांकित २३० असतात, त्यांची उत्तरं फक्त लेखी.

कांद्याच्या बाबतीत लोक चुकतात ते मंत्रालय निवडताना. सगळे कृषी मंत्रालयाला विचारतात. अहो, निर्यातबंदीची अधिसूचना निघते वाणिज्य मंत्रालयाखालच्या विदेश व्यापार महासंचालनालयातून, निर्यातशुल्क अर्थ मंत्रालयाचं, आणि नाफेड या सहकारी संस्थेकडून बफरसाठी, म्हणजे भाव चढले की बाजारात सोडायच्या सरकारी साठ्यासाठी, जी खरेदी होते ती ग्राहक व्यवहार विभागाची. मग प्रश्न पण तसाच विचारायचा, की बंदी घालायच्या आधी काढणीला आलेल्या लाल कांद्याचा विचार केला होता का आणि कोणत्या तारखेला.

अजून एक, उत्तरात ‘विचाराधीन आहे’ किंवा ‘माहिती गोळा केली जात आहे’ असं आलं की ते आश्वासन धरलं जातं आणि ३ महिन्यांत पूर्ण करायचं असतं, ते बघायला वेगळी समिती आहे.

पुण्याची_ताई

माहिती छानच आहे, पण मला एक खटकतं. रेल्वेचा थांबा, कांदा, पूल हे विषय खासदारांनी दिल्लीत का मांडायचे, त्यांनी कायद्यांवर बोलावं ना? आणि कांदा महागला की माझ्यासारख्या दोन पोळ्यांचे डबे करून घर चालवणाऱ्या बाईचं पण गणित बिघडतं, महिन्याचे डब्याचे पैसे ठरलेले असतात, मधेच वाढवता येत नाहीत. तेव्हा शहरातले खासदार महागाईवर बोलतात ते पण बरोबरच की.

दिल्लीकर_मराठी

ताई, तुमचं म्हणणं पटतं, म्हणून तर हा विषय दिल्लीचाच आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये एकाच महिन्यात ४०% निर्यातशुल्क लागलं आणि बफर ३ लाखांवरून ५ लाख टन केला, ते तुमच्या भाजीसाठी, पण भार पडला निफाडवर. या दोन्ही बाजू एकमेकींसमोर मांडायला दुसरी जागा कुठली आहे?

राजापूरकर

थांब्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. कोकण रेल्वेसाठी आमचे बॅरिस्टर नाथ पै लोकसभेत बोलत राहिले, ते १९७१ ला गेले, मग त्याच राजापुरातून मधू दंडवते निवडून आले, ते १९७७ ला रेल्वेमंत्री पण झाले, तरी सगळ्या मार्गावर गाडी धावायला १९९८ उजाडलं. तेव्हा दोन मिनिटांत काही होत नाही म्हणून सोडू नका.

आमच्या इथल्या स्टेशनवर एका गाडीला थांबा हवा होता, खासदारांनी विषय मांडला, उत्तर आलं की इथून तिकीटविक्री कमी आहे. आम्ही ते पत्र मागून आणलं आणि वाचल्यावर डोक्यात प्रकाश पडला, की गाडी इथं थांबतच नाही तर माणसं तिकीट पुढच्या स्टेशनचंच काढणार ना! मग महिनाभर गावातल्या लोकांची पुढच्या स्टेशनची जुनी तिकिटं गोळा केली, चपलांच्या खोक्यात भरली, वहीत तारखा लिहिल्या आणि ते सगळं खासदारांकडे नेऊन दिलं. थांबा अजून मिळालेला नाही, पण दुसऱ्या उत्तरात तिकीटविक्रीचं कारण आलं नाही.

निफाडचा_शेतकरी

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमच्या डब्याचं वाचून वडील म्हणाले, तिचं पण खरं आहे.

राजापूरकर दादा, आमच्याकडे तिकिटं नाहीत पण बाजार समितीच्या पावत्या आहेत, बंदीच्या आधीच्या आठवड्यातल्या आणि नंतरच्या, तारीख आणि भाव दोन्ही त्यावर आहेत, वडिलांनी पिशवीत घालून कपाटात ठेवल्यात. गल्लीतल्या दहा-बारा घरांतून पण मिळतील. शनिवारी खासदारांच्या ऑफिसात घेऊन जातोय. दिल्लीकर दादा, वाणिज्य मंत्रालयासाठीचा प्रश्न मी मराठीत लिहून आणला तर तुम्ही एकदा नजर टाकाल का?