आफ्रिकी आश्रयार्थ्यांचे कैवारी आणि दक्षिण तेल अवीवचे रहिवासी: इस्रायलमधील वाद

मुळाकाठ (धागाकर्ता)

२००६ ते २०१२ या काळात इजिप्तमधील सिनाईचे वाळवंट ओलांडून सुमारे ६०,००० आफ्रिकी लोक इस्रायलमध्ये आले. त्यांत एरिट्रियाचे लोक सर्वाधिक होते आणि त्याखालोखाल सुदानचे. त्यांची बाजू घेणारे वकील, डॉक्टर आणि स्वयंसेवक हे दुसऱ्याच्या, म्हणजे दक्षिण तेल अवीवच्या गरीब वस्त्यांच्या, जिवावर उदार होतात, असा आरोप तेथे सातत्याने केला जातो. हा आरोप ज्या दुखण्यातून येतो ते दुखणे खरे आहे, पण त्याचा दोष चुकीच्या माणसांवर टाकला जातो, असे माझे मत आहे.

या मंडळींनी प्रत्यक्षात काय केले ते आधी पाहावे. सिनाईत खंडणीसाठी ओलीस ठेवलेल्या माणसांचा अनन्वित छळ होत असे, आणि तिकडे नातेवाइकांना त्यांच्या किंकाळ्या फोनवरून ऐकवल्या जात. अझेझेत किदाने या एरिट्रियात जन्मलेल्या ख्रिस्ती नन आणि परिचारिकेने याफा येथील 'फिजिशियन्स फॉर ह्यूमन राइट्स'च्या दवाखान्यात अशा हजाराहून अधिक लोकांच्या जबान्या टिपून घेतल्या, आणि त्यामुळेच हा व्यापार जगापुढे आला. पुढे सरकारने १९५४ च्या घुसखोरीविरोधी कायद्यात दुरुस्ती करून खटल्याविना तीन वर्षांपर्यंत स्थानबद्ध ठेवण्याची तरतूद केली, तेव्हा संस्थांनी ती सर्वोच्च न्यायालयात नेली. सप्टेंबर २०१३ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ती एकमताने रद्द केली. त्यानंतर नवा कायदा करून नेगेव्हच्या वाळवंटात होलोत हे स्थानबद्धता केंद्र उघडण्यात आले आणि तोही कायदा वर्षभरात न्यायालयात टिकला नाही. कामगारांच्या पगारातून २० टक्के रक्कम कापून ती देश सोडताना परत देण्याचा नियम २०१७ मध्ये लागू झाला. पगारच तुटपुंजा असलेल्या घरांवर त्याने काय ओढवले असेल, हे सांगायला नको. तो रद्द व्हायला एप्रिल २०२० उजाडले.

या सर्व लढ्यांमागची मागणी फार मोठी नव्हती. प्रत्येकाचा आश्रयाचा अर्ज स्वीकारावा, तो वाचावा आणि कारणे देऊन निकाल द्यावा, एवढेच या संस्था मागत होत्या. एरिट्रियन आणि सुदानी लोकांना व्यक्तिगत अर्ज करण्याची वाटच २०१३ च्या आसपासपर्यंत बंद होती. ती उघडल्यावरही मान्यतेचे प्रमाण एका टक्क्याच्या आत राहिले, आणि युरोपात मात्र एरिट्रियन अर्जदारांपैकी बहुसंख्यांना संरक्षण मिळत होते. देश तोच, लष्करी सेवेची सक्ती तीच, आणि निष्कर्ष इतके वेगळे.

रामला-निवासी

माझे कुटुंब बेने इस्रायल आहे. आम्ही कोकणातून येथे आलो आणि घरात आजही मराठी बोलतो. धागाकर्त्यांचा हेतू चांगला असेल, पण मी त्यांच्याशी सहमत नाही.

दक्षिण तेल अवीवमधील नेवे शाआनान आणि हातिक्वा या वस्त्या आधीच गरीब होत्या. तेथे मुख्यतः अरब देशांतून आणि इराणकडून आलेल्या ज्यू कुटुंबांची दुसरी-तिसरी पिढी राहते. सीमेवरच्या तुरुंगातून सोडलेल्या माणसांच्या हाती तेल अवीवच्या मध्यवर्ती बसस्थानकाचे तिकीट दिले जाई. ते तेथे उतरत, लेव्हिन्स्की बागेत झोपत आणि आजूबाजूला एकेका खोलीत दहा-दहा जण दाटीवाटीने राहत. भाडी वाढली, शाळा भरून गेल्या आणि म्हाताऱ्या माणसांना संध्याकाळी घराबाहेर पडण्याची भीती वाटू लागली. याचिका करणाऱ्यांपैकी किती जणांच्या दारात हे घडले? आमच्या आजोबांच्या पिढीलाही दिमोना, बीरशेबा यांसारख्या दूरच्या गावांत नेऊन टाकले होते. ओझे कुठे टाकायचे असा प्रश्न येतो तेव्हा या देशात नेहमी तोच थर सापडतो. निवडून आलेल्या संसदेने कायदा केला की शहराच्या उत्तरेकडचे सुशिक्षित लोक तो न्यायालयात पाडून आणतात, आणि मतदाराने पुढे काय करायचे याचे उत्तर कोणी देत नाही.

शिवाय सगळेच जिवाच्या भीतीने आले, हेही मला मान्य नाही. २०१२ च्या सुमारास इजिप्तच्या सीमेवर कुंपण उभे राहिले आणि २०११ मध्ये १७,००० च्या आसपास असलेला येणाऱ्यांचा आकडा वर्ष-दीड वर्षात काही डझनांवर आला. सीमा राखणे परिणामकारक ठरते, हे त्यावरून सिद्ध होते.

कायदा-अभ्यासक

कुंपणामुळे लोक येणे थांबले, हे खरे आहे. पण त्यावरून आधी आलेला माणूस निर्वासित होता की नव्हता, हे ठरत नाही. एरिट्रियात १९९३ पासून एकच अध्यक्ष आहेत आणि राष्ट्रीय निवडणूक एकदाही झालेली नाही. तेथील राष्ट्रसेवा कागदावर १८ महिन्यांची आहे, प्रत्यक्षात तिला अंत नाही. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने तेथे मानवतेविरुद्धचे गुन्हे घडत असल्याचा निष्कर्ष काढला. इस्रायल सरकारनेही या लोकांना बळजबरीने एरिट्रियात परत पाठवले नाही. परत पाठवणे धोक्याचे आहे हे वागण्यातून मान्य करायचे आणि कागदावर मात्र निर्वासित म्हणायचे नाही, अशी ही कोंडी आहे.

रवांडा आणि युगांडा येथे 'स्वेच्छेने' पाठवलेल्यांची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. त्यांच्या हाती ३,५०० डॉलर दिले जात, आणि रवांडाची राजधानी किगाली येथे उतरल्यावर कागदपत्रे काढून घेतली जात. अनेकांना रातोरात सीमेपलीकडे युगांडात ढकलण्यात आले आणि काही जण पुढे लिबियामार्गे भूमध्य समुद्रापर्यंत पोहोचले. या माणसांना शोधून त्यांच्या जबान्या गोळा करण्याचे काम याच कैवाऱ्यांनी केले. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने रवांडाला माणसे पाठवण्याची ब्रिटिश सरकारची योजना बेकायदा ठरवली, तेव्हा इस्रायलशी झालेल्या व्यवस्थेत रवांडाने लोकांना कसे वागवले, याची दखल निकालात घेतली गेली. ती माहिती कोणी जपलीच नसती, तर न्यायालयापुढे आली नसती.

रामला-निवासी

रवांडाबाबत मी सरकारची बाजू घेणार नाही. पैसे देऊन माणसाला वाऱ्यावर सोडणे आमच्या धर्मातही बसत नाही. परंतु त्या अन्यायातून दक्षिण तेल अवीवने सगळा भार उचलावा, असा निष्कर्ष निघत नाही.

मुळाकाठ

तो निष्कर्ष कैवाऱ्यांनीही काढलेला नाही, हे २ एप्रिल २०१८ च्या घडामोडीवरून दिसते. त्या दिवशी पंतप्रधान नेतान्याहू यांनी संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाशी करार जाहीर केला. त्यानुसार १६,२५० लोकांचे पाश्चात्त्य देशांत पुनर्वसन होणार होते, जवळपास तेवढेच देशात राहणार होते, त्यांना एका शहरात कोंबण्याऐवजी वेगवेगळ्या भागांत वसवायचे होते आणि दक्षिण तेल अवीवच्या सुधारणेचाही विचार त्यात होता. संस्थांनी त्याचे स्वागत केले. काही तासांतच, स्वतःच्याच आघाडीतील सहकाऱ्यांच्या विरोधामुळे, करार स्थगित झाला आणि दुसऱ्या दिवशी रद्द. हातिक्वाच्या रहिवाशांचा भार खरोखर हलका करणारी तेवढी एकच योजना पुढे आली होती, आणि ती कोणत्याही याचिकेने बुडवलेली नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत हद्दपारीविरुद्ध हजारो लोकांचा मोर्चा निघाला तो दक्षिण तेल अवीवमध्येच, आणि त्यात त्या वस्त्यांतले रहिवासीही चालले होते.

आपण दिमोनाचा उल्लेख केलात, म्हणून एक आठवण करून देतो. रब्बिनेटने, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या अधिकृत संस्थेने, बेने इस्रायल समाजाच्या ज्यूपणावर विवाहाच्या बाबतीत शंका घेतली, तेव्हा १९६४ मध्ये आपल्या समाजाला जेरुसलेममध्ये धरणे धरावे लागले होते. बहुमत ज्याचे म्हणणे ऐकत नाही, त्याने दाद कुठे मागायची, हा प्रश्न आपल्या समाजालाही भेडसावून गेला आहे.

रामला-निवासी

ही तुलना मला पटत नाही. आम्ही परतीच्या कायद्याने, म्हणजे ज्यूंना इस्रायलमध्ये येऊन नागरिक होण्याचा हक्क देणाऱ्या कायद्याने, नागरिक म्हणून आलो होतो आणि मिळालेला हक्क नाकारला गेला म्हणून बसलो होतो. येथे हक्क आहे की नाही, हाच वाद आहे. कराराबद्दलचा आपला मुद्दा मात्र मी मान्य करतो. त्या रात्री राजकारण्यांनी दक्षिण तेल अवीवचा पुळका बाजूला ठेवला.

आता मला एका प्रश्नाचे सरळ उत्तर हवे आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये तेल अवीवच्या रस्त्यावर एरिट्रियन सरकारच्या एका सोहळ्यावरून त्याचे समर्थक आणि विरोधक एकमेकांवर तुटून पडले आणि शंभराहून अधिक माणसे जखमी झाली. ज्या सरकारपासून पळून आलो असे सांगतात, त्याच सरकारच्या सोहळ्याला जाणारा माणूस निर्वासित कसा? अशा माणसाचाही कैवार संस्था घेणार आहेत काय?

मुळाकाठ

तो माणूस खरोखर राजवटीचा समर्थक असेल आणि परत गेल्याने त्याच्या जिवाला धोका नसेल, तर तो निर्वासित नाही, आणि त्याचा अर्ज फेटाळला गेल्यास मी त्याच्यासाठी भांडणार नाही. पण समर्थक कोण, विरोधक कोण आणि दूतावासाच्या दबावामुळे मुकाट्याने सोहळ्याला गेलेला कोण, हे ठरवायचे तर प्रत्येकाला समोर बसवून त्याची हकीकत ऐकावी लागते. ते काम २००९ पासून गृहखात्याकडे आहे. दगडफेक करणाऱ्याची आणि ज्याच्यावर दगड पडला त्याची फाइल तेथे सारखीच निकालाविना पडून असेल, तर दोघांना वेगळे करायचे कोणी?