हाताने घडवलेल्या सुऱ्यांत पैसा टिकतो कुठे? ‘डोळे मिटून दमास्कस घ्या’वाल्यांना उत्तर

पोलादपूरकर:
इथे एकाने सल्ला दिलाय: “अमेरिकन कस्टम सुरी घ्यायची तर दमास्कसचीच, मूठ हस्तिदंती. भाव वाढतच जाणार.” नवख्यांचे पैसे बुडवणारं लिखाण आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

दमास्कस म्हणजे पोलादाचे थर एकत्र जोडून नक्षी उमटवलेलं पातं. सुरीकार बिल मोरानने १९७३ मध्ये नाइफमेकर्स गिल्डच्या (अमेरिकन सुरीकारांच्या संघटनेच्या) प्रदर्शनात दमास्कसच्या सुऱ्या मांडल्या, तेव्हा अमेरिकेत हे काम करणारं जवळपास कुणी नव्हतं. आज १०९५ आणि १५एन२० या दोन पोलादांच्या पट्ट्या, गॅसची भट्टी आणि हायड्रॉलिक प्रेस जमवली की तीनशे थर पडतात. त्याहून आळशी असाल तर तयार पट्टी विकत मिळते. भाव मोरानच्या ठशाला (पात्यावरच्या नावाच्या खुणेला) आहे, नक्षीला नाही.

टिकते ती सुरी अशी: कारागीर हयात नाही, एखादा आकार त्याच्यामुळे रूढ झाला, आणि त्याचे ठसे कुठल्या काळातले ते ओळखता येतं. बॉब लव्हलेस (२०१० मध्ये गेला) तिन्हींत बसतो. ड्रॉप पॉइंट हंटर (पाठ टोकाकडे उतरत गेलेली शिकारी सुरी), निमुळता होत गेलेला फुल टँग (मुठीच्या पूर्ण लांबीत जाणारा पात्याचा मागचा भाग), हिरवा मायकार्टा (कापड आणि राळेचं कृत्रिम साहित्य), लाल लायनर (मुठीखालची पातळ पट्टी). त्याचे ठसे: डेलावेअर मेड, लॉनडेल, रिव्हरसाइड. ठशावरून काळ कळतो आणि काळावरून भाव ठरतो. पातं पुष्कळदा १५४सीएम या स्टेनलेस पोलादाचं, नक्षी शून्य.

रिव्हेट:
लव्हलेसच्या नकलाही सर्वांत जास्त, हे सोयीस्कर विसरलात. ठशाची नक्कल करणं सगळ्यात सोपं. ठसा सोडा, मूठ बघा. टँग मागे निमुळता होतो तो दोन्ही बाजूंनी सारखा हवा. मूठ साध्या पिनांवर नाही, आट्यांच्या बोल्टवर बसलेली हवी. गार्ड (मूठ आणि पात्यामधली आडवी पट्टी) आणि पात्याच्या सांध्यात झाळकामाचा ओघळ दिसला तर सरळ उठा.

आणि फोल्डर (मिटणाऱ्या सुऱ्या) का वगळले? रॉन लेकचे इंटरफ्रेम (धातूच्या चौकटीत मुठीचं साहित्य बसवलेले), मायकल वॉकरचे लाइनर लॉक (आतल्या पट्टीने पातं अडवणारे). संख्या कमी, काम अचाट.

पोलादपूरकर:
वगळले कारण फोल्डर झिजतो. टँगवर डिटेंट बॉलची (मिटलेलं पातं धरून ठेवणाऱ्या गोळीची) रेघ उमटलेली दिसली की सुरी भरपूर उघडमीट झालेली. लॉकची पट्टी टँगच्या पहिल्या तृतीयांशात थांबायला हवी. पलीकडच्या लायनरला जाऊन टेकत असेल तर उरलाच काय? विकणारा तरीही ‘न वापरलेली’ म्हणूनच विकतो.

भट्टीवाला:
दोघेही तयार पट्टी घासून बनवलेल्या, भट्टीत न घडवलेल्या सुऱ्यांचेच भक्त. अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीच्या मास्टर स्मिथची परीक्षा माहीत आहे ना? टांगलेला एक इंच जाडीचा दोर एका घावात तोडायचा, टू-बाय-फोर (साधारण दोन बाय चार इंची) लाकूड दोनदा, त्यानंतरही त्याच धारेने केस निघाले पाहिजेत आणि शेवटी पातं नव्वद अंशात वाकवायचं. शिवाय पाच सुऱ्या परीक्षकांपुढे ठेवायच्या, त्यांत तारेने गुंडाळलेल्या मुठीचा क्विलन डॅगर (आडव्या गार्डचा दुधारी खंजीर). हे घडवणाऱ्याच्या सुरीला भाव नाही म्हणता?

रिव्हेट:
परीक्षेत वाकवलेली सुरी कुणी विकत घेत नाही, भट्टीवाले. हात तयार आहे एवढंच ‘एमएस’ (मास्टर स्मिथ) सांगतं. ती दोन अक्षरं बऱ्याच जणांकडे आहेत, मागणी मूठभरांनाच.

कोकणी_गंज:
नावांवर भांडून झालं असेल तर एक विचारतो. ठेवता कशात? पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात ठेवली की सप्टेंबरात लव्हलेस काय आणि बाजारातली काय, सारखीच. कमावलेल्या चामड्यातली आम्लं आणि क्षार ओल धरतात, पात्यावर बारीक खड्डे पडतात. १५४सीएममध्ये क्रोमियम १४ टक्के असलं तरी ते गंजतंच. म्यान जपा, त्याशिवाय भाव पडतो, पण ठेवा सुरीच्या शेजारी. पात्याला मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात, वर आम्ल नसलेला कागद आणि डब्यात सिलिका जेल.

पोलादपूरकर:
विषय कुठे, हे कुठे. आणि सिलिका जेलने हस्तिदंत तडकतो! शिंगही आकसतं, लायनर बाहेर डोकावू लागतो. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के ठेवा, डब्यात मीटर टाका. भरमसाट पुड्या कोंबू नका.

कोकणी_गंज:
हस्तिदंत इथे आणणार कोण? वन्यजीव कायदा वाचा. अमेरिकेतही २०१६ पासून आफ्रिकी हस्तिदंताची विक्री जवळजवळ बंद आहे. ज्या मुठीला गिऱ्हाईक उरत नाही, तिच्यात कसला पैसा टिकतोय? सांबरशिंगाचंही तेच, आपल्याकडून निर्यात बंद झाली म्हणून तिकडे जुन्या सुऱ्यांना मान, पण इकडे आणलीत तर डोकेदुखी. पातं नऊ इंचांहून लांब असेल तर शस्त्र कायदा वेगळाच.

पोलादपूरकर:
म्हणजे मायकार्टा घ्या. मी वर काय लिहिलंय?

कोकणी_गंज:
बरं बाबा, मायकार्टा जिंकला. आता तो तरी सेल्युलॉइडच्या (जुन्या काळच्या प्लास्टिकच्या) मुठीशेजारी ठेवू नका. जुनं सेल्युलॉइड सडताना नायट्रिक आम्लाची वाफ सोडतं आणि तिची झळ शेजारच्या पात्यांना बसते. मुठीत बारीक चौकोनी भेगा, आंबूस वास, जवळच्या पितळेवर हिरवं, ही तिची लक्षणं. तिचा डबा वेगळा, हवा खेळती, आणि ऊन नको.

भट्टीवाला:
एवढं सगळं करून शेवटी कुणीतरी मेटल पॉलिश फिरवतोच. दमास्कसवर फिरवलंत तर फेरिक क्लोराइडने आणलेला गडदपणा गेला, रेषा पुसट. साटिन फिनिशवर (एकाच दिशेने घासून आणलेल्या मंद चकाकीवर) गोल घासलंत तर ओरखडे जन्मभर. आणि धार लावू नका! कारखान्याच्या नव्हे, कारागिराच्या हातची मूळ धार गेली की ती सुरी ‘वापरलेली’.

रिव्हेट:
गार्डवर हिरवं आलंच असेल तर? घासायचंही नाही म्हणता.

कोकणी_गंज:
लाकडी टूथपिक, मिनरल ऑइलचा थेंब, रात्रभर मुरू द्या आणि सकाळी खरवडा. पितळेला ओरखडा येत नाही. स्टील वूलवाले येतीलच आता.