मदत हवी आहे : डीन सेअर यांचं १९६४चं प्रवचन

वॉशिंग्टन नॅशनल कॅथेड्रलचे डीन, म्हणजे तिथले प्रमुख धर्मगुरू (१९५१ ते १९७८), फ्रान्सिस सेअर यांच्यावर चरित्रलेख तयार होतोय. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांचे हे नातू. जन्म १९१५चा, तोही थेट व्हाइट हाउसमध्ये.

अडलंय ते सप्टेंबर १९६४च्या प्रवचनापाशी. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक तोंडावर असताना त्यांनी जॉन्सन (डेमोक्रॅटिक) आणि गोल्डवॉटर (रिपब्लिकन) या दोन्ही उमेदवारांना झोडपलं होतं. कात्रणांत निवडक वाक्यंच मिळतात, आणि एकाच उमेदवारावरचं वाक्य उचललं की डीन उगाच एका पक्षाचे वाटतात. संपूर्ण संहिता हवी आहे. अमेरिकेतल्या कुणाला कॅथेड्रलच्या किंवा विद्यापीठाच्या संग्रहातून ती मिळवता येईल का?

शोधताना नावापुढे 'ज्युनियर' लावाच. वडिलांचं नावही फ्रान्सिस सेअरच. ते कायद्याचे प्राध्यापक, पुढे फिलिपिन्समध्ये अमेरिकेचे हाय कमिशनर. त्यांचेच कागद आधी हाती लागतात. १९५१पूर्वीचं आणि परराष्ट्र खात्याशी संबंधित काही दिसलं तर बहुधा वडिलांचंच समजा.

दुसरं, आजोबांच्या काळात सरकारी कचेऱ्यांत वर्णभेद वाढला. नातू १९६५मध्ये कृष्णवर्णीयांच्या मतदान हक्कासाठीच्या सेल्माच्या मोर्चात चालला. विल्सन यांची शवपेटी १९५६मध्ये कॅथेड्रलच्या मुख्य दालनात हलवली, तेव्हा डीन सेअरच होते. आजोबांच्या वर्णविषयक धोरणावर ते स्वतः कुठे बोलले किंवा लिहिले आहेत का? नेमका संदर्भ, तारखेसह, हवा. ऐकीव किस्से नकोत, लेखाचा कणाच तो आहे.

मार्च १९६८मधल्या मार्टिन ल्यूथर किंग यांच्या तिथल्या प्रवचनाची माहिती भरपूर आहे, ती पाठवू नका.