मदत हवी आहे : लामा-अल्पाकांच्या रंगांसाठी मराठी शब्द

नमस्कार मंडळी,

पेरू-बोलिव्हियातल्या अँडीज पठारावर लामा-अल्पाका (उंटाच्या कुळातली लोकरीची जनावरं) पाळणाऱ्यांवर मराठीत लेख लिहीत आहे. केचुआ आणि आयमारा या तिथल्या भाषांतल्या जनावरांच्या वर्णनांपाशी अडले आहे.

लांब, सरळ, चमकदार बटा लोंबणारा अल्पाका म्हणजे सुरी. दाट, फुललेल्या लोकरीचा तो वाकाया. कमी लोकरीचा, ओझी वाहणारा लामा क'आरा, म्हणजे उघडा. इथवर जमलं. पण रंगांकडे आलं की माझे शब्द संपतात. 'उकी' राखाडी, त्याला 'करडा' चालेल. 'चिक्ची' म्हणजे बारीक ठिपक्यांचा राखाडी. 'अल्का' म्हणजे नुसता ठिपकेदार नव्हे; काळा आणि पांढरा एकमेकांना थेट भिडलेले, मधे कुठलीही छटा नाही. विणकामातल्या अशा रंगजोडीलाही तेच नाव आहे, त्यामुळे हा शब्द मला सगळ्यात मोलाचा वाटतो. 'वल्लाता' हा तिथला पांढरा, काळसर पंखांचा रानहंस. तशाच रंगाच्या जनावरालाही वल्लाताच म्हणतात!

ढवळा, पवळा, कबरा, बांडा एवढेच मला माहीत आहेत. धनगर किंवा शेतकरी घरातल्या कुणी सांगाल का, मेंढ्या-शेळ्या-बैलांच्या अंगावरच्या रंगांच्या मांडणीला तुमच्याकडे काय म्हणतात? विशेषतः अर्धं अंग काळं, अर्धं पांढरं असेल तर? पक्ष्यावरून ठेवलेलं एखादं नाव आहे का? शब्दासोबत गाव-तालुका आणि जनावर नेमकं कसं दिसतं तेही जरूर लिहा. आजी-आजोबांना विचारून कळवलंत तर फार उपकार होतील.