युद्धापूर्वीचा 'बेबी पर्ल' कॅमेरा आणि आत राहिलेला रोल

अंबाजोगाईकर: नमस्कार मंडळी. आमच्या चुलत आजोबांचा परभणीत फोटो स्टुडिओ होता. त्यांच्या सामानाची लोखंडी पेटी उघडली असता तळहातावर मावेल असा घडीचा जपानी कॅमेरा मिळाला. त्यावर 'बेबी पर्ल' आणि लेन्सभोवती 'हेक्झार, ५० मि.मी., एफ ४.५' असे कोरलेले आहे. पाठीमागे दोन लाल खिडक्या असून रोल गुंडाळण्याच्या चावीपासून दूर असलेल्या खिडकीत ५ हा आकडा दिसतो, म्हणजे आत रोल आहे. खटका दाबला की शटरची पाती उघडतात, परंतु मिटताना रेंगाळतात. घड्याळ दुरुस्त करणाऱ्या एका परिचितांनी शिलाई मशीनचे तेल सोडण्यास सुचवले आहे. हा कॅमेरा दुसऱ्या महायुद्धापूर्वीचा आहे काय, आतील रोलचे काय करावे आणि आज यात कोणती फिल्म चालेल, याबाबत जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

गोदाकाठ, नांदेड: तेल मुळीच सोडू नका; ते पात्यांवर पसरले की शटर आणखी चिकटते. हा कॅमेरा कोनिशिरोकू कंपनीने १९३४ मध्ये बाजारात आणला. हीच कंपनी पुढे कोनिका झाली, २००३ मध्ये तिचे मिनोल्टाशी विलीनीकरण झाले आणि २००६ मध्ये त्या संयुक्त कंपनीने कॅमेऱ्यांचा व्यवसाय सोडला. घडण जर्मन 'बेबी इकोन्टा' कॅमेऱ्याच्या वळणावर आहे. युद्धानंतरही याचे उत्पादन चालू होते, त्यामुळे केवळ नावावरून काळ ठरत नाही. लेन्सवर प्रकाश तिरपा पाडून चकाकी कमी करणाऱ्या लेपाची निळसर-जांभळी झाक दिसते का, हे पाहा. दिसल्यास तो बहुधा युद्धोत्तर आहे. 'मेड इन ऑक्युपाइड जपान' असे कोठे आढळले, तर शंकाच उरत नाही.

छायाप्रकाश, लातूर: रोलविषयी सविस्तर लिहितो, कारण घाई केल्यास नुकसान तेथेच होईल. ही १२७ क्रमांकाची फिल्म आहे. कोडॅकने ती १९१२ मध्ये आणली आणि १९९५ मध्ये बंद केली. तिच्या पाठकागदावर, म्हणजे फिल्मच्या मागे गुंडाळलेल्या कागदावर, १ ते ८ आकडे असतात. या कॅमेऱ्यात प्रत्येक आकडा आधी दूरच्या आणि मग चावीजवळच्या खिडकीत आणायचा, म्हणजे ३×४ सेंमीचे १६ फोटो निघतात. आपल्याला दूरच्या खिडकीत ५ दिसतो, म्हणजे नवव्या फोटोची जागा लेन्ससमोर आहे आणि आधीच्या आठ जागा पुढे सरकलेल्या आहेत. नववा फोटो घेतला होता की नाही, हे सांगता येणार नाही, कारण फिल्म न सरकवता पुन्हा खटका दाबण्यास हा कॅमेरा अडवत नाही. म्हणून आता खटक्याला हातच लावू नका. खिडक्यांवर काळी पट्टी चिकटवा आणि उरलेला रोल अगदी हळू गुंडाळा. इतक्या उन्हाळ्यांतून गेलेला कागद कडक झालेला असतो आणि झटक्याने फाटतो. पूर्ण अंधाऱ्या खोलीतच मागचे झाकण उघडा. डेव्हलप करणाऱ्यास रोलचे वय आधी सांगा. जुन्या फिल्मवर धूसरपणा चढतो आणि तो कमी राखणारे रसायन वापरावे लागते.

पाठकागद आणि रीळ मात्र आग्रहाने परत मागून घ्या. आजही मिळणारी १२० क्रमांकाची फिल्म सुमारे ६१ मि.मी. रुंद असते, ती अंधारात ४६ मि.मी. रुंदीची कापून याच कागदावर चिकटवली, तर आकडे बरोबर जुळतात. कापलेल्या १२० चा स्वतःचा कागद वापरल्यास आकडे खिडकीशी जुळणार नाहीत. तयार १२७ रोलही अधूनमधून मिळतात, पण महाग पडतात.

देवगिरी, छत्रपती संभाजीनगर: वरील मजकुरास एक पुरवणी. लाल काच जुन्या, लाल प्रकाशाला न जागणाऱ्या फिल्मसाठी योग्य होती. आजच्या फिल्मवर तीमधून लाल प्रकाश पडतो, म्हणून नवीन रोल घातल्यावरही खिडकी केवळ आकडा पाहण्यापुरती, सावलीत उघडावी. रोल काढल्यावर अंधारात भात्याच्या (लेन्समागील घडीच्या भागाच्या) आत टॉर्च लावून घड्यांचे कोपरे तपासा. छिद्रे बहुधा तेथेच पडतात. शटर जाणकाराकडून उघडून स्वच्छ करून घ्यावे, केवळ बाहेरून फुंकर मारून भागणार नाही. लेन्सवर लेप नसल्यास बीबी का मकबऱ्याचा पांढरा घुमट दुपारी टिपताना चित्र फिकट येईल, म्हणून सूर्य पाठीशी असावा. १०० गतीच्या फिल्मवर आपल्याकडच्या लख्ख उन्हात १/१०० सेकंद आणि एफ १६ या लहान लेन्सछिद्रापासून सुरुवात करावी, परंतु ती शटरची गती मोजून घेतल्यानंतरच.